बोंबल्याचा करंज

"पोट्ट्या, खाली ठेव तो बांबू! करंज माह्या धुऱ्यावर, माह्या बांधावर हाय."

"धुरा तुमचा असंल काका, पन झाड आमचं. बोंबल्याचा करंज हे नाव काऊन पडलं? माह्या आज्यापायी!"

शालिग्राम काका अन् मी हातघाईवर आलो. तिकडं सायबाच्या लढाईपायी राकेल भेटेना, तवापासून काकाले दिव्यासाठी हा करंज आठोला. अन् आमच्या ढवळ्या बैलाच्या खांद्याले जखम, तिच्यावर माश्या. करंजाचं तेल लावल्याबिगर तो जू घेनार नोता, अन् पेरनी तोंडावर.

मी छाती काढून सांगलं, "आज्यानं ह्या झाडावरून वाघ पाह्यला, अन् बोंबलून गाव वाचवलं!"

इतिहासात मी पक्का. मास्तरले पटलं नाही, म्हनून तर चौथीतच पाटी फेकून घरी आलो.

बाजूच्या वावरात मनकर्णा आजी काड्या येचत होती. ती कंबर धरून हसली. "कायचा वाघ बे? तुहा आजा शेंगा पाडाले चढला, मुंगळे धोतरात शिरले. धोतर खाली आलं, तो वरच! सारं गाव जमलं. मी नवी नवरी, पदराआडून पाह्यलं."

माहे कान तापले.

काका म्हने, "म्हंजे झाड याचं कायचं?"

"येडा हाय काय शालिग्राम? लोकाच्या झाडावर चढलेला मानूस मुंगळे चावले तरी तोंड दाबून बसते. आपलं होतं म्हनून तो बोंबलला."

काकानं वाट सोडली. मी तिथंच गप राहाचं ना! पन नाही. "मी आज्यासारखा नाही," म्हनत तरातरा वर चढलो. अर्ध्या शेंगा पाडल्या अन् पह्यला मुंगळा मांडीले डसला. दात आवळले. दुसरा कुठं डसला ते सांगत नाही.

खाली काका कान टवकारून उभा. "आजी, पाह्य! पोट्टं चूप हाय. म्हंजे चोर हाय!"

ढवळ्याचा खांदा डोळ्यापुढं आला. अन् मी बोंबललो. असा बोंबललो का दूर धाड गावच्या बाजारात लोकायनं माना वळवल्या असतील. काकानं मुकाट्यानं शेंगा भराले पोतं आनून देल्लं.

आता गावातले पोट्टे मलेच बोंबल्या म्हंतात. एकाले हानला, दुसऱ्याले हानाचा हाय. पन जातो आता, तेलाचा घाना मोकळा झाला, घानेवाले वहाबभाई हाका मारून राह्यले.