लक्ष्मण रामाजी, मुक्काम बोरगाव

"चहा होत राहीन. आधी हे सांगा, तुमी आले काऊन?"

माझ्या सासऱ्यांनी पाहुण्याला साधं 'बसा' म्हटलं नाही. पाहुणे मध्य प्रदेशातल्या सागरहून आलेले, नाव प्रभाकरराव, वय सत्तरीला आलेलं. बॅग छातीशी धरून आमच्या बोरगाव मेघेच्या घरात उभे. खुर्ची मी पुढे केली, पण घरधन्यानं म्हटल्याशिवाय ते काही टेकले नाहीत.

मन माझंही साफ नव्हतं म्हणा. मी एसटीत कंडक्टर. वर्धा-हिंगणघाट गाडीवर माणसं ओळखण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. म्हाताऱ्यांचा प्रवास फुकट झाल्यापासून काळ्याभोर मिशांचे पंचाहत्तरीचे म्हातारे गाडीत चढायला लागले, आणि वर आधारकार्डही दाखवायला लागले. तेव्हापासून कागदावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि हे गृहस्थ नेमका कागद घेऊन आले होते.

भानगड सुरू केली आमच्याच घरानं. विहाराच्या आवारात वस्तीतल्या सैनिकांच्या नावांचा दगड बसणार होता, सव्वीस जानेवारीला. पहिलं नाव मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वडलांचं: शहीद लक्ष्मण रामाजी. मामाजी आईच्या पोटात असताना ते महार पलटणीत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत कामी आले, हे वस्तीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. कमिटी म्हणाली, नाव टाकतो, एखादा कागद द्या. कागद कुठला? घरात ना तार, ना फोटो. माझ्या नवऱ्यानं, अश्वजितनं, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, या नावाचे बरेच आहेत, नंबर कळवा. मग त्यानं माजी सैनिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव टाकलं, आणि त्यावरून हे उगवले.

"हे बाबांचं डिस्चार्ज बुक," प्रभाकरराव म्हणाले. मराठी अडखळत बोलत होते, मध्येच हिंदीवर घसरत. "लक्ष्मण, वल्द रामाजी, मुक्काम बोरगाव, जिल्हा वर्धा. छप्पन साली पेन्शनवर सुटले. सागरलाच घर केलं, शादी केली. मी त्यांचा मुलगा."

म्हणजे मामाजींचा सावत्र भाऊ!

"बोरगावं या जिल्ह्यात ढीगभर हायेत," मामाजी म्हणाले. "अन् लक्ष्मन तं घरोघरी. माहा बाप बर्मात गेला. त्याचं मले कोनी शिकवाचं नाई."

पाहुण्यांनी एक फोटो काढला. वर्दीतला एक माणूस, नाक थेट मामाजींचं. मी मनात म्हटलं, नाकाचं काय, वर्धा जिल्ह्यात निम्म्या लोकांचं नाक असंच आहे. खरी गोष्ट वेगळी होती. बोरगावात प्लॉटचे भाव आभाळाला टेकलेत आणि आमचं घर कोपऱ्यावर आहे.

"मला काही नको," माझ्या मनातलं ऐकल्यासारखं ते म्हणाले.

'काही नको' म्हणणारे मागून ताटच मागतात, हे मी गिळून टाकलं.

मामाजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांच्या आईचा, आनंदाबाईंचा फोटो आहे. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकीच्या धुळीत राबून त्या बाईनं पोर वाढवलं. "या बाईनं बांगड्या फोडल्या नाईत. लोकं म्हनत, लक्ष्मन मेला. तरी नाई फोडल्या. शहिदाची बायको विधवा होत नाई, समजलं?"

हे वाक्य मला नवीन नव्हतं. दर सव्वीस जानेवारीला मामाजी झेंड्याखाली हे भाषण करतात. फोटोत मात्र आजीसासूबाईंचे हात रिकामे आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं. मशीनीत अडकायच्या म्हणून म्हातारपणी काढल्या, असं उत्तर मिळालं होतं.

मामाजींनी तो वर्दीतला फोटो हातात घेतला, पुन्हा ठेवला. पुन्हा घेतला. आवाज एकदम खाली आला.

"मले इचारत होते का कधी? मी पोटात होतो, हे तं मालूम असन त्यायले."

प्रभाकररावांनी मान खाली घातली. "नाही. कधीच नाही. झूठ क्यूँ बोलूँ?"

माझा संशय तिथंच ढिला पडला. ज्याला वाटा हवा असतो तो अशा वेळी म्हणतो, रोज आठवण काढायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. या माणसानं समोर आलेली संधी अशी सोडून दिली.

"आम्हाला वाटायचं, बाबा अनाथ आहेत," ते पुढे म्हणाले. "गावाचं विचारलं की उठून जायचे. बांगलादेशची लढाई झाली ना, त्यानंतरच्या जानेवारीत गेले. आई बांगड्या फोडायला बसली आणि थांबली. पलटणीतल्या एका माणसाला बोलावलं. म्हणाली, हिंगणघाट जाओ. उधर भी किसी के हाथ में चूड़ी है. उसको बोल दो. तो माणूस निघाल्यावर तिनं आपल्या फोडल्या. आईला सगळं ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मीराबाई, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"कोन्ता महिना म्हनले?"

"जनवरी."

त्यांनी ट्रे जपून खाली ठेवला आणि मामाजींच्या समोर जमिनीवरच बसल्या. "तवा आपन हिंगनघाटलेच होतो. मी नवी सून होती. एक मानूस दारात आलता, मिशीवाला, फौजी बूट घातलेला. आत्याबाई, म्हनजे यायची माय, त्याच्यासंगं बाहेरच बोलल्या. मंग आत आल्या, मोरीत गेल्या अन् दगड घेऊन बांगड्या फोडल्या. मी इचारलं, तं म्हने, मशीनीत अडकतेत."

"मंग?" मामाजी म्हणाले. "अडकत असन."

"अवो, मशीनीत अडकते ते बांगडी काढून ठेवतेत. फोडत नाईत. दीक्षा घेतल्यावर आपल्यात ते रीतच नोती राह्यली. तरी फोडल्या. मी पोरगी होती, मले काय समजते? आज समजून राह्यलं."

ही गोष्ट पाहुण्यांना कोणी सांगितलेली असणं शक्यच नव्हतं, कारण आमच्या घरातही ती आजवर कोणी सांगितली नव्हती. माझी मलाच लाज वाटली.

मामाजी फोटोतल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. "म्हनजे मायले मालूम होतं. जिता हाये, हे बी. मेला, हे बी." मग ते आत्याबाईंकडे वळले. "अन् मी तिच्यासमोर भाषन देत राह्यलो, सालोसाल. माय पुढच्या लायनीत बसे. सगळ्यायच्या आधी टाया तेच वाजवे."

ते रडले. ब्याऐंशी वर्षांचा, अंगावर रेल्वेचे रूळ वाहिलेला माणूस, लहान पोर रडतं तसा रडला. आत्याबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "उभा काऊन हायेस, प्रभाकर? बस."

संध्याकाळी त्यांनी माझ्याच मोबाइलवरून दगड कोरणाऱ्याला फोन लावला. "माह्या बापाच्या नावाम्होरं 'शहीद' नको कोरू. नुसतं नाव."

"बाबाजी, त्या शब्दाची जागा सोडून नाव कोरलं ना मी. मोकळी दिसन ते."

"दिसू दे."

सव्वीस जानेवारीला दगडावरचा पडदा सरकला. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बोटभर जागा कोरी होती. कोणी विचारलं, कोणी नुसतंच बघितलं. कमिटीनं माइकवर मामाजींना पुकारलं, "भैयाजी, दोन शब्द." मामाजींनी बसल्या जागेवरूनच हात हलवून नाही म्हटलं. पुढच्या रांगेत, जिथं त्यांची आई बसायची, तिथं ते त्या दिवशी बसले होते.

मग नावं वाचायला सुरुवात झाली. "लक्ष्मण रामाजी," माइकवरून आवाज आला, आणि मामाजींनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.