कर्नलभोवतीची काळी चौकट

मित्रांनो, मी हॅरोज फेरी गावची जुनी हातप्रेस आहे. अंगाने ओतीव लोखंड. आधीच सांगून ठेवते, क्षमा करणं मला कधी जमलं नाही.

माझे मालक एफ्रेम पेटिबोन. इंडियानात, वॉबॅश नदीकाठी ते साप्ताहिक काढत. लोकांनी त्यांना राज्याच्या विधिमंडळावरही निवडून दिलं होतं. तिथली लबाडी ते घरी आणून माझ्यावर छापत. त्यांची बायको लव्हिनिया शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावी. माझा दांडा ओढताना मालक म्हणत, "ओरड बये, ओरड!" मी करकरत छापायचे आणि गाव वाट बघायचं.

मग कर्नल सायलस क्रॅबट्री रेल्वेवाल्यांसाठी गावचा नदीकाठ लाटायला निघाला. मालकांनी विधिमंडळात त्यासाठी आणलेला ठराव पाडला. त्याच आठवड्यात कर्नलची माणसं छापखान्याचं दार फोडून आत आली आणि मला ओढत नदीवर घेऊन गेली.

"टाका तिला नदीत!" काठावरून कर्नल स्वतः ओरडला. लव्हिनियाबाईंनी त्याला बघितलं.

मला दोर बांधायला मालक बर्फगार पाण्यात उतरले. बैलांनी मला गाळातून ओढून काढलं. मालक मात्र तापाने गेले. न्यायाधीश कर्नलचा मेहुणा, त्यामुळे खटला उभाच राहिला नाही. माझ्या सांध्यांत गाळ होता आणि पोटात आग.

मालकांच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली. उभा कोण राहिला? कर्नल! टोपी हातात घेऊन तो छापखान्यात आला.

"वहिनी, एफ्रेम मला भावासारखा होता हो. शनिवारच्या अंकात माझी जाहिरात घ्या. ठळक दिसू दे, कुठे कोपऱ्यात कोंबू नका."

"अख्ख्या जिल्ह्याला दिसेल, कर्नल."

आमच्याकडे मजकुराभोवती पितळी पट्ट्या बसवतात. बारीक कड वर असली की रेघ नाजूक उठते. कुणी वारलं की पट्ट्या उलट्या करायच्या, मग जाड काळी चौकट उमटते. निरक्षर शेतकरीही ती लांबून ओळखतो.

बाईंनी कर्नलचा एक शब्द बदलला नाही. 'जिल्ह्याचे सच्चे सेवक, कर्नल सायलस क्रॅबट्री.' भोवतीच्या पट्ट्या तेवढ्या उलटवल्या. मग दांडा धरून ओठांत दात रोवले. "ओरड बये!"

मी ओरडले, मित्रांनो. मालक गेल्यापासून साठलेलं सगळं ओरडले.

रविवारी चर्चमध्ये कर्नलच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली. शेजारणी भाजलेलं हॅम घेऊन त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेल्या, तर दार कर्नलनेच उघडलं. मतदान मंगळवारी. घोड्यावर बसून तो गावोगाव बोंबलत सुटला, "अरे, मी जिवंत आहे!" लांबच्या शेतांवर पोचेपर्यंत लोक मत टाकून परतले होते.

"मेलेल्याला कशाला मत द्यायचं?" ते म्हणाले.

कर्नल निवडणुकीत पडला. चाबूक आपटत छापखान्यात शिरला.

"दुरुस्ती छाप, बाई! आत्ताच्या आत्ता!"

"छापते की. पण पेपर आठवड्याचा आहे, कर्नल. शनिवारी निघेल."

दारात जमलेलं गाव खदाखदा हसलं. नदीकाठ गावाचाच राहिला.

आता मी संग्रहालयात दोरीमागे उभी असते. पोरं मला च्युइंगम चिकटवतात. दांडा गंजून अडकलाय. मित्रांनो, मला हारतुरे नकोत. सांध्यांत तेल घाला, दांडा हलता ठेवा. कर्नलचे पणतू अजून निवडणुका लढवतात, आणि त्या पितळी पट्ट्या माझ्या शेजारच्या पेटीत तशाच पडून आहेत.