पुसलेला ठिपका

नानांच्या बोटांना फोटो धुण्याच्या हायपो नावाच्या रसायनाचा वास यायचा; आंबट, किंचित गंधकी, साबणाला न जुमानणारा. नाशिकच्या मेन रोडवरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीपाशी, माझ्या वडिलांचं टेबल होतं. तिथल्या स्थिर, शीतल उजेडात डोळ्याला भिंग लावून, चार केस उरलेल्या ब्रशाने, ते लोकांच्या फोटोंवरचे पांढरे ठिपके बुजवत. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटतो. नाना त्यावर काळ्या रंगाचा इवलासा थेंब टेकवत आणि कुणा नवरदेवाच्या कोटावर, कुणा आजीच्या केसांवर, धूळ कधी बसलीच नव्हती असं होऊन जाई. ब्रशाला टोक आणायला तो ओठांत धरायची त्यांना खोड होती. त्यामुळे खालच्या ओठावर दिवसभर एक काळी रेघ असायची, आणि बोलणं बेताचंच.

आई लवकर गेली. घरात आम्ही दोघंच. खगोलशास्त्र शिकायला मी परदेशी निघाले तेव्हा ‘थांब’ म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्यांनी माझ्या पासपोर्टच्या फोटोवरचा एक ठिपका तेवढा बुजवला आणि फोटो पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

तिथे मी तरुण ताऱ्यांभोवती तपकिरी बटू शोधू लागले. ग्रह म्हणावेत तर फार जड, तारा म्हणून पेटायला मात्र कमी पडलेले असे हे गोळे. जन्माची ऊब अंगात आहे तोवर मंद उजळतात, मग निवत निवत दिसेनासे होतात, म्हणून त्यांना कोवळ्या वयातच गाठावं लागतं. पण शेजारच्या ताऱ्याचा झगमगाट त्यांना गिळून टाकतो. मग दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात बारीकशी चकती आडवी धरून तारा झाकायचा, आणि त्याच्या कडेला काय उरतं ते पाहत बसायचं. फोनवर हे ऐकून नाना म्हणाले, उन्हाकडे तोंड करून फोटो काढताना आपण हात आडवा धरतो, तसंच की. इतक्या सोप्या शब्दांत मला ते कधीच सांगता आलं नव्हतं.

नव्वदचं दशक सरता सरता मला असा एक ठिपका सापडला. एका चित्राने काही सिद्ध होत नाही. तो ताऱ्याचा सोबती, की फार मागे असलेला, योगायोगाने त्याच रेषेत आलेला परका तारा, हे कळायला वर्ष-दोन वर्षं थांबून पुन्हा चित्र घ्यावं लागतं. तारा तेवढ्या काळात आकाशात किंचित सरकलेला असतो. सोबती असेल तर तोही बरोबर सरकतो. मला कुठला धीर! चांगल्या फोटोच्या कागदावर मी त्याची प्रत काढली आणि नानांना पाठवून दिली. सविस्तर पत्र मागाहून लिहू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं.

दोन वर्षांनी थंडीत घरी आले. दिंडोरीकडची द्राक्षं हातगाड्यांवर नुकती दिसू लागली होती. नानांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर माझा तारा फ्रेममध्ये विराजमान होता: मधोमध काळी चकती, भोवती प्रकाशाचं कडं, आणि बाकी सगळा नितळ काळोख. ठिपका नव्हता. लेकीच्या फोटोवर धूळ कशाला, म्हणून नानांनी तो बुजवून टाकला होता, आणि इतका बेमालूम की मलाही जागा सापडेना.

मला हसू आवरलं नाही. हसण्याचं कारण सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला आणि ते स्टुलावर चढून फ्रेम काढू लागले. मी घाईघाईने म्हटलं की वाईट वाटून घेऊ नका, दुसरं चित्र आलंय, तो सोबती नव्हताच. त्या ठिपक्यापायी मी दोन वर्षं घरी फिरकले नव्हते.

नाना फ्रेम उतरवून, मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

“म्हणजे तारा पुढे गेला,” ते म्हणाले, “आणि हा होता तिथंच राहिला.”

मी हो म्हटलं. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ते नुसतं समजून घेत होते. मला मात्र तो माझा होकार फार लागला, अजून लागतो.

मग त्यांनी काच बाजूला केली, ब्लेडचं टोक कागदाला टेकवलं आणि मला जागा न विचारता काळा थर कणभर खरवडला. पांढरा ठिपका वर आला. नंतर मी मापून पाहिलं, जागा अचूक होती. पण सोबती नाही तर आता कशाला, असं मी विचारलं.

“नसू दे. तो दिसत होता ना तुला?”

पुढे मला खरे सोबतीही सापडले. तोवर स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता, ठिपके माऊसने जाऊ लागले होते, आणि उत्तरेच्या खिडकीपाशी फ्रेमच्या नमुन्यांचं कपाट उभं राहिलं होतं. नाना गेले तेव्हा मी दुर्बिणीपाशी होते. पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

ती फ्रेम आता माझ्या टेबलासमोर असते. तारा आणखी पुढे गेला असेल, मीही गेले आहे, आणि खरवडलेला तो ठिपका होता तिथेच आहे. बरोबर चालतो तोच सोबती, हे मोजमाप मी आयुष्यभर आकाशाला लावत आले. घरी मात्र ते चुकलं.