कोरड्यातलं कासव

बीजींनी ते कासव माझ्या हातात दिलं आणि ते माझ्या अंगावर मुतलं. नारळाएवढं जनावर, पण पाणी तांब्याभर. पांढरट, चिकट, आणि वास असा की ती साडी मी परत कधी नेसले नाही.

नव्वद सालचा ऑक्टोबर होता. आम्ही चंदीगडला सेक्टर ३९ मध्ये, ह्यांच्या संस्थेजवळ दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमचे हे जंतूंचे शास्त्रज्ञ. समोरच्या दारात बीजी, त्यांचा मुलगा, सून आणि मोती. मोती म्हणजे हे कासव. बीजींच्या नवऱ्याने मरायच्या आदल्या वर्षी कुठूनसं आणलेलं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. त्याला एक धमकीची चिठ्ठी आली, गुरुमुखीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघं दोन सुटकेसा घेऊन डेहराडूनला बीजींच्या बहिणीकडे निघाले.

"पंदरा दिन, मीनाक्षी," जिन्यात उभ्या राहून बीजी म्हणाल्या. "ये उनकी निशानी है. मुझे जिंदा वापस चाहिए." आणि माझ्या ओल्या हातात एक घडी केलेला कागद कोंबला. "सब लिखा है इसमें."

मी "हां जी, हां जी" केलं. माझं सगळं लक्ष साडीकडे होतं.

घरात येऊन कागद उघडला तर पानभर गुरुमुखी. मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं मराठी मिळेल ते वाचून, हिंदी पाट्यांवरून आणि इंग्रजी डब्या-बाटल्यांवरून जमवलेलं. पण ही अक्षरं बघून मला आठवल्या त्या भिंतींवरच्या अतिरेक्यांच्या घोषणा, आणि त्याही कुणीतरी घाईने चुना फासलेल्या.

हे दाढी करत होते. कागद बघून ब्रश हातातच राहिला.

"हे काय आहे?"

"कासवाबद्दल असेल."

"पानभर? कासवाबद्दल पानभर काय असतं? त्या मुलाला चिठ्ठी आली कशी, कुणाची, आपल्याला काय माहीत? फाडून टाक. आणि कुणाला दाखवू नकोस, कळलं ना?"

मला फाडवेना. फळीवरच्या वर्तमानपत्राखाली, डाळीच्या डब्याच्या बुडाशी सरकवला. पण दाखवला नाही कुणालाच. ह्यांचा धाक होता असं नाही. पाच वर्षं बीजींच्या हातची कढी ओरपली होती आम्ही, तरी तो कागद बघताना मीही घाबरले होते. ते ह्यांना दिसलं नाही, एवढंच.

कासवाबरोबर त्याची पाटीही आली होती, सुक्या मातीने भरलेली. त्या मातीत लेंड्या, गवताच्या काड्या आणि वळवळणारे राखाडी किडे. ती अख्खी पाटी मी कचऱ्यात ओतली. आमच्या अमरावतीकडे विहिरीत कासवं सोडलेली असतात. पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. कासव म्हणजे पाणी, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. मागच्या गॅलरीला काचा लावून घेतल्या होत्या, तिथे कपडे भिजवायचा निळा टब ठेवला आणि चार बोटं पाणी भरलं.

मोती त्यात उतरला आणि दिवसभर टबाच्या कडेला नखांनी खर्रखर्र करत राहिला. मान लांब काढून, वर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा.

"खेळतोय बघ कसा," हे म्हणाले. "इतकी वर्षं मातीत कोंबून ठेवलं होतं त्या लोकांनी."

मीही मान डोलावली.

पंधरा दिवसांचा महिना झाला. मला त्या जनावराची शिसारी यायला लागली होती. सुरकुतलेला गळा, दात पडलेल्या म्हातारीसारखं तोंड, काकडी चावताना होणारा तो ओला चपचप आवाज. ह्यांनी प्रथिनं हवीत म्हणून उकडलेलं अंडं घालायला लावलं, तेही मला स्वयंपाकघरातल्या चमच्याने. दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, आणि प्रत्येक वेळी त्यात हिरवट चोथा तरंगत असायचा. मी नाकाला पदर बांधून टब उपसायची आणि मग अर्धा तास जेवायला बसवत नसे.

दिवाळीनंतर त्याचे डोळे सुजून मिटले. नाकातून फुगे यायला लागले. मग पाठीवरच्या चांदण्यांच्या नक्षीत, कवचाच्या शिवणींमधून, पिवळट पांढरं काहीतरी दिसू लागलं. मी बोटाने दाबलं तर ते दहीवड्यासारखं दबलं आणि बाजूने पातळ घाण आली. पावसाळ्यात कपाटामागे उंदीर मेला की चौथ्या दिवशी येतो, तो वास. मी मोरीत जाऊन ओकले.

ह्यांनी मात्र वाकून वास घेतला आणि चेहरा उजळला. "स्यूडोमोनास जंतू असणार!" कापसाच्या बोळ्यावर ती घाण घेऊन लॅबमध्ये गेले. दोन दिवसांनी काचेची बशी घेऊन आले, तिच्यावर हिरवट ठिपके. "बघ, बरोबर निघालं की नाही? काय सुंदर वाढलंय."

"आणि आता कासवाचं काय करायचं?"

"ते माझं क्षेत्र नाही."

जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, म्हैस असती तर सांगितलं असतं.

त्याच संध्याकाळी डेहराडूनहून फोन आला. "मेरा मोती कैसा है?"

"ठीक है जी," मी म्हटलं. "खेलता है."

"खेलता है?" बीजी हसल्या. "वो तो कभी नहीं खेला."

फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बघितलं. मोती टबाच्या कडेला मान टेकून पडला होता. आता खर्रखर्रही नव्हती. हे असंच चाललं तर आठवड्यात तो गेल्याचं बीजींना सांगायची वेळ येणार होती, आणि ते मलाच सांगावं लागणार होतं.

सकाळी दूधवाला बलकार सिंग आला. मी भांडं पुढे केलं नाही, कागद पुढे केला. त्याने कॅन खाली ठेवला, हात पुसले आणि ओठ हलवत वाचायला लागला.

"बीबीजी, ये तो कछुए की है."

"पढ़ो."

पहिलंच वाक्य होतं, याला पाण्यात ठेवू नकोस, हा कोरड्यातला आहे. पाणी फक्त प्यायला, झाकणात. माती सुकी हवी, मी दिली आहे तीच वापर. थंडीत दिवा लाव. अंडं, दूध देऊ नकोस. गवत, जास्वंदीची पानं दे. उचलशील तर मुततो, राग मानू नकोस, घाबरट आहे.

शेवटच्या ओळीला बलकार थांबला. मग माझ्याकडे न बघता वाचली.

"लिखा है, मीनाक्षी, तुझे गुरमुखी पढ़ना नहीं आता, पता है मुझे. बलकार दूधवाले से पढ़वा लेना."

त्याचं स्वतःचं नाव होतं त्यात. त्याने कागद जुन्याच घड्यांवर मिटला. घड्या मऊ पडल्या होत्या.

"कब की है ये?"

"डेढ़ महीना."

"मैं तो रोज़ आता हूं, बीबीजी," एवढंच तो म्हणाला. मग मापाने दूध घातलं, रोजच्यासारखं वरून थोडं जास्त घातलं, आणि गेला. ते वरचं दूध मला कुठे ठेवू असं झालं. घाण वाटत होती, आणि या वेळी कासवाची नाही.

टब मी खाली कचऱ्यापाशी ठेवून आले. बाजारातून सिमल्याच्या सफरचंदांच्या दोन रिकाम्या पेट्या आणल्या, मधल्या फळ्या काढून एक लांब घर केलं, तळाला चाळलेली सुकी माती, वर साठचा बल्ब. मग रोज सकाळी मोतीला मांडीवरच्या पोत्यावर घ्यायचं, जुन्या टूथब्रशने शिवणींमधली घाण खरवडायची, लाल औषध लावायचं. खरवडताना कवचाचा एक तुकडा खपलीसारखा निघून माझ्या हातात आला. खाली ओलं, गुलाबी. मोतीने पाय ताणले, आवाज काही केला नाही. कासवांना ओरडता येत असतं तर बरं झालं असतं.

ओकारी दाबत मी हे सात आठवडे केलं. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. पण डोळे उघडले त्याचे. डिसेंबरअखेर त्याने माझ्या हातून जास्वंदीचं पान ओढून घेतलं, आणि बोटही चावलं.

जानेवारीत बीजी एकट्याच आल्या. घर सोडायचं ठरलं होतं, सामान ट्रकने गेलं होतं. मी चहा टाकला. त्यांनी मोतीला उचललं, आणि तो त्यांच्या अंगावर मुतला नाही. पाठीवर एका जागी चांदणी नव्हती, खडबडीत राखाडी खड्डा होता. बीजींनी त्यावरून अंगठा फिरवला.

"ये क्या हुआ?"

"सर्दी बहुत थी इस साल, बीजी," हे लगेच म्हणाले.

"पानी में रखा था मैंने," मी म्हटलं. "डेढ़ महीना."

"चिट्ठी बलकारे से नहीं पढ़वाई?"

"पढ़वाई. बहुत बाद में."

"क्यों?"

ह्यांनी माझ्याकडे डोळे मोठे केले. मी चहाचा कप बीजींपुढे ठेवला.

"डर गए थे, बीजी. चिट्ठी से."

"मेरी चिट्ठी से?"

"हां जी."

बीजींनी मोतीला मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "हम भी चिट्ठी से ही डर के भागे थे, मीनाक्षी. पर तू तो मेरी लिखाई जानती थी. अचार की बरनियों पे देखी थी ना?"

पाहिली होती. गाजराच्या, लिंबाच्या, दर वर्षी.

त्या उठल्या. मी म्हटलं, "चाय?"

"रहने दे."

मोतीला शालीत गुंडाळून त्या जिना उतरल्या. मी पुढच्या गॅलरीत धावले. फाटकाशी त्या महिन्यात दोन जवान असत. एकाने बीजींच्या शालीचा फुगवटा पाहिला आणि बंदूक आडवी धरली.

"कछुआ है!" मी वरून ओरडले. "भैया, कछुआ है वो! हमारे घर का है!"

जवानाने माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्यानेही बंदूक सावरली. बीजींनी वर पाहिलं नाही. त्यांनी शांतपणे शाल उघडली. मोतीने मान काढली. जवान तोंड वाकडं करून दोन पावलं मागे सरला आणि हातानेच जा, जा केलं. बीजींनी शाल पुन्हा गुंडाळली, मानेकडची बाजू मोकळी ठेवून, आणि रिक्षात बसल्या.

"सुटलो एकदाचे," हे मागून म्हणाले. "सगळं सांगायची काही गरज होती का? बरं, चहा दे."

बीजींचा कप तसाच होता, गार, वर साय धरलेली. तोच मी ह्यांच्यापुढे सरकवला.