गुणाबाईचा चट्टा

गुणाबाईला खाज सुटायची ती नेमकी अशा जागी, की चारचौघांत तिथे हात नेता येऊ नये आणि नाव तर मुळीच घेऊ नये. सहा वर्षं झाली होती. कातडी कोरडी पडायची, चिरायची, लघवीला गेलं की आग आग व्हायची. तिने कडुनिंबाचा पाला उकळून धुतलं, कपड्याच्या साबणाने घासलं, करंजाचं तेल चोपडलं. जितकं घासावं तितकी खाज वाढायची.

नुसती खाज असती तर सोसलीही असती. पण एके दिवशी घरात कुणी नसताना तिने आरसा धरून पाहिलं, तर तिथे पांढरा चट्टा. त्याच आठवड्यात महारोगाची तपासणी करणारे सायकलवर गावात येऊन गेले होते. अंगावर चट्टा दिसला तर लपवू नका, असं चावडीवर चित्रं दाखवून त्यांनी सांगितलं होतं. गुणाबाईने लपवला. त्या बाप्यांना दाखवणार काय, कपाळ? तिने आपला आपणच निकाल लावला आणि शिक्षाही आपणच भोगली. ताट वेगळं, पाण्याचा गडवा वेगळा, खाट बाहेर परछीत. नवऱ्याला, मुखरूला, म्हणाली, "मी नवस केला हाय." भला माणूस, कोणत्या देवाचा, हे त्याने कधी विचारलं नाही.

मुखरू पावसाळ्यात गेला. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात नागभीडला दिलेल्या लेकीचं, सोमारीचं, पत्र आलं. पहिलं बाळंतपण जवळ आलंय, माय, तू ये. न जावं तर लेक जन्मभर बोल लावणार. जावं तर लेकराला याच हातांनी न्हाऊ घालायचं. तीन दिवस गुणाबाईला घास गिळेना. घरात बोलायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी ती चामोर्शीला गेली. तिथल्या दवाखान्यात बाई डॉक्टर आल्याचं बाजारात तिच्या कानावर आलं होतं.

आधी तिने गुडघा दाखवला. मग घसा. डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावलं, तेव्हा कुठे तिने खरी जागा सांगितली, तीही भिंतीकडे तोंड करून.

बाईंनी नीट तपासलं.

"महारोग हाय ना बाई?"

"खाजवतं का तिथे?"

"जीव जाते. झोप नाई."

"मग महारोग कसला? महारोगाचा चट्टा बधिर असतो, त्यावर काही कळत नाही. हा कातडीचा दुसरा आजार आहे. कुणाला लागत नाही. साबण, कडुनिंब सगळं बंद करा. साध्या पाण्याने धुवा आणि हे मलम लावा. मुळापासून जाईलच असं नाही, पण खाज थांबेल. दाखवायला मात्र येत जा."

म्हणजे ज्या खाजेने तिला सहा वर्षं रडवलं, तीच रोज सांगत होती, बाई गं, तुला महारोग नाही. आणि ही वेडी तिलाच साबणाने घासत बसली होती.

"मी लेकराले घेतलं तं चालन?"

"खुशाल घ्या."

गुणाबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मलम पदरात बांधून ती दारापर्यंत गेली आणि तिथेच मटकन खाली बसली.

"काय झालं?" बाई धावत आल्या.

"सोमारीच्या बापानं मरताना पानी मांगतलं, बाई. तुह्याच हातानं पाज म्हने." तिने आपले दोन्ही हात पुढे धरले. "मी शेजारनीले बलावलं. अन् दूर उभी राह्यली."