आईच्या गालावरचं रक्त

बेंबळीच्या पलीकडच्या एका वाडीत मरीआईच्या देवळापुढं सकाळीच झुंबड उडाली. देवीच्या डोळ्यांतून रक्त येतंय म्हणे! बाया उंबऱ्यावर कपाळ टेकत होत्या, गडीमाणसं टाचा उंचावून आत डोकावत होती. आणि खोटं कशाला सांगा, देवीच्या दोन्ही गालांवर लालभडक ओघळ होतेच. पाहून शंतनूच्या अंगावर सरसरून काटा आला.

शंतनू धाराशिवच्या एका न्यूज चॅनलचा बातमीदार. मोबाइल समोर धरायचा, माइक पुढं करायचा आणि संपादक सांगेल तसं बोलायचं, ही त्याची नोकरी.

"आई रडायलीय!" शांतलिंग महाराज पायरीवरून गरजले. हे महाराज दोन वर्षांपूर्वी गावात टपकले आणि देवळात ठाण मांडून बसले. "गाभाऱ्याला परक्याचा हात लागला! परवा आत चुना कुणी दिला? फकरुद्दीननं! त्यानं इथं येऊन नाक घासावं आन् गाव सोडावं!" एवढं बोलून महाराज वाकले आणि हळूच शंतनूला म्हणाले, "लाइव्ह चालू झालं ना? न्हायतर परत म्हणतो."

आता फकरुद्दीनचाचा काय कालचे? देऊळ असो की दर्गा, गावात चुना द्यायचा तो त्यांनीच. त्यांच्या बापानंही दिला. पण घोषणा सुरू झाल्या. माणसं असतील जेमतेम चाळीस. "जवळून घे, गच्च गर्दी दिसली पायजे," संपादक फोनवर म्हणाले. शंतनूनं जवळून घेतलं. मोबाइल खाली केला की घोषणा थांबायच्या, लोक चहा प्यायचे. वर केला की पुन्हा मुठी वळायच्या. हे त्याला दिसत होतं, तरी क्लिप त्यानं पाठवून दिली.

तेवढ्यात चंद्रप्रभाबाई आल्या. अर्ध्या गावाला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी आधी देवीला हात जोडले, मग मान वर करून छताकडं पाहिलं.

"महाराज, हळदीचा मळवट कधी भरला?"

"काल सांजच्याला. मुहूर्त होता."

"दरवर्षी चुना पार वाळल्यावर भरतात. तुम्ही ओल्या छताखाली भरून मोकळे झालात, रात्री वरून चुन्याचं पाणी ठिबकलं मळवटावर." बाई बायकांकडं वळल्या. "काय गं उमाबाई, लेकराला ओवाळून टाकायचं लाल पाणी कशाचं करतेस?"

"हळद आन् चुन्याचं," उमाबाई बोलून गेली आणि तिनं पटकन तोंडाला पदर लावला. बायकांत खसखस पिकली.

"त्ये पाणी, ह्ये रगत!" महाराज कडाडले. "आईच्या लीलेत शाळा आणू नका!"

बाईंनी ओटीतलं लिंबू घेतलं, चिरलं आणि देवीच्या गालावर पिळलं. लाल ओघळ बघता बघता पिवळा पडला. "रक्तावर लिंबू पिळलं की त्याची हळद होते काय हो महाराज?"

महाराज तरातरा आत निघून गेले. लोक हसत हसत पांगले. एकदोघं तर फकरुद्दीनचाचांच्या दारात जाऊन "चाचा, चुकलं आमचं" म्हणून आले. शंतनूनं हे सगळं टिपलं आणि मोठ्या हौसेनं संपादकांना फोन लावला.

"ह्यात बातमी कुठंय?" संपादक म्हणाले. "पहिली क्लिप आग लावतीय बघ, लाखांत चाललीय."

"सर, ते खोटं निघालंय. खाली काढा ती."

"आपण कुठं म्हटलं खरंय? 'ग्रामस्थांचा दावा' असं लिहिलंय की खाली."

दुपारी ढोकीकडून गाड्या आल्या, तामलवाडीकडून आल्या. वाडीत कधी पाय न ठेवलेली पोरं झेंडे घेऊन उतरली आणि चाचांचं घर विचारत निघाली. बाई दुसरं लिंबू घेऊन आडव्या आल्या. "अरे, बघा तर खरं!" पण बघायचं कुणाला होतं? जो तो मोबाइल उंच धरून स्वतःच लाइव्ह करत होता. शंतनूनं दुसरी क्लिप दाखवली, तर एकानं त्यालाच ढकलून दिलं. शांतलिंग महाराजांचाही चेहरा उतरला होता. "आता म्या सांगितलं तरी ऐकायची न्हाईत," ते पुटपुटले आणि मागच्या दारानं पसार झाले.

पोलिसांनी जमाव कसाबसा अडवला आणि चाचांना म्हणाले, थोडे दिवस पाहुण्यांकडं जा. चाचांच्या बायकोनं, नसीमबीनं दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. सकाळी हसलेला अख्खा गाव पाहत उभा होता. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कुणी नाही.

टेम्पोत चढताना चाचा थांबले. "शंतनूभाऊ, तुमी तर शेवटपत्तोर हुता की. मग आर्धंच कसं दाखवलं?"

शंतनूला रडू फुटलं.

चुना, हळद आणि जवळून धरलेला मोबाइल, एवढाच काय तो चमत्कार! म्हणून हात जोडून सांगणं आहे, बाबांनो: अंगावर काटा आणणारं काही दिसलं तर आधी हात लावून पाहा, चार माणसांना विचारा, मगच दाखवा आणि मगच पुढं पाठवा. मागाहून कळलेल्या खऱ्यानं नसीमबीच्या दाराचं कुलूप अजून निघालेलं नाही.