वांग्यांची तुरटी

माझ्या तान्ह्या नागीनं सकाळपासून दूध घेतलं नव्हतं. छातीशी धरलं की तोंड फिरवायची, पाठ ताणून रडायची. ऑगस्टचा उकाडा, अंगावर दूध दाटलेलं, हात लावला तरी कळ येत होती.

सोमवारपासून मला कामावर परत जायचं होतं. मी गिऱ्हाइकांना किमोनो नेसवते. ओबी, म्हणजे किमोनोवरचा रुंद पट्टा, कमरेला गुंडाळताना समोरच्या बाईला जवळजवळ मिठीच मारावी लागते. तिचं नाक माझ्या काखेपासून वीतभर. म्हणून मी औषधांच्या दुकानातून सगळ्यांत उग्र वासाचा डिओडरंट आणला होता, पांढऱ्या फुलांचा. त्या सकाळी पहिल्यांदाच भरपूर चोपडून पाहिला होता. नागीचं तोंड फिरवणं आणि हा वास, ह्या दोन गोष्टी एकमेकींशी जोडाव्यात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सासूबाई मागच्या गल्लीत राहतात. लोणच्यासाठी वांगी घेऊन आल्या आणि रडणं ऐकून पिशवी दारातच ठेवली. दूध आटलं असेल म्हणाल्या, मग उकाड्यावर ढकललं, मग मी जेवत नाही ह्यावर. शेवटी त्यांनीच नागीला न्हाऊ घातलं, मांडीवर आडवी घेतली आणि कापसाची काडी मागितली. न्हाणं झालं की कान पुसायचा, ही त्यांची रीत. आजवर ते काम मी कधी त्यांच्या हाती लागू दिलं नव्हतं.

आमच्याकडे जपानात बहुतेकांच्या कानातला मळ कोरडा, कोंड्यासारखा. ज्यांचा ओला, त्यांच्या काखेला वास येतो, हे इथे कुणालाही ठाऊक असतं. मला ते माझ्या आईनं शाळेच्या वयात सांगितलं, न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून. तुझा ओला आहे, कुणाला कळू देऊ नकोस. पुढे डॉक्टरांनी समजावलं की घामाला मुळात वास नसतो. काखेतला घाम दाट असतो, त्यावर कातडीवरचे जंतू पोसतात, वास त्यांचा. जन्मानंच येतं ते, अस्वच्छपणा नव्हे. पटलं मला. पण माणसांपासून हातभर लांब बसायची सवय काही गेली नाही.

काडीचं टोक पिवळं, चिकट होऊन आलं. सासूबाईंनी ते उजेडात धरलं.

"हे आपल्या घरातलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून?"

"हो, आई."

त्यांनी काडी कागदात गुंडाळली. नागी हुंदके देत होती.

"म्हणून तू माझ्याजवळ बसत नाहीस होय," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय. मी आले की तू टेबलाच्या पलीकडे. मला वाटायचं, सूनबाईंना सासूचा विटाळ होतो."

त्या जवळ सरकल्या, माझ्या खांद्याशी वाकल्या आणि नाक मुरडलं.

"काय फासलंयस हे? अगं, त्या पोरीला तुझं तोंड कुठे ओळखू येतंय अजून? तिला तुझा वास कळतो. जा, धुऊन ये."

मी साबणानं खसखसून धुतलं. नागीला घेतलं. तिनं नाक चोळलं, थांबली, पुन्हा हुंगलं, आणि मग अशी लागली की घोट ऐकू यायला लागले. मी मान खाली घालून रडत राहिले. सासूबाई स्वयंपाकघरात डबे वाजवत होत्या.

त्या बाटली घेऊन आल्या. वांग्यांचा जांभळा रंग उतरू नये म्हणून मिठासोबत चोळतात ती तुरटीची लाही, पाण्यात विरघळवलेली. त्यांच्या धाकट्या बहिणीलाही हाच त्रास होता, ती जन्मभर काखेत हेच लावायची, असं सांगितलं. नीट धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, मग लावायचं. हुंगून पाहिलं, तर कसलाच वास नव्हता.

"हिला कधी सांगायचं?" मी विचारलं. "मला माझ्या आईनं न्हाणीघराचं दार लावून सांगितलं होतं."

"कान पुसताना. नाहीतर वांगी चोळताना. दार लावून नाही."

नागी झोपल्यावर आम्ही वांगी चोळायला बसलो. मी नेहमीसारखी टेबलाच्या पलीकडे निघाले होते. सासूबाईंनी शेजारची बसायची उशी थोपटली. मी बाह्या वर सारून तिथं बसले. त्यांच्या दंडाला माझा दंड घामानं चिकटत होता. त्यांनी मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.